लायसन्स तुमच्या नावावर

बाबा,

तुमचा लॅपटॉप मी मारला. खंडेनवमीच्या सकाळी, अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन मारला. हत्यारांची पूजा करायची म्हणून एम्ब्रॉयडरीचं मशीन पुसलं, कात्र्या मांडल्या, बॉबिनी मांडल्या, सगळ्यांना कुंकू लावलं आणि शेवटी लॅपटॉपकडे आले. तुम्ही पूजा करायचात तेव्हा तो मिटलेला असायचा. झाकणावर एक फूल, एक बोट हळद, एक बोट कुंकू, झालं. तुम्ही गेल्यापासून मी मात्र तो उघडून ठेवते. सॉफ्टवेअर चालू करते आणि त्यातली ती लहानशी खिडकी उघडते, जिच्यात लिहिलेलं असतं की हे लायसन्स अमक्या-अमक्याच्या नावावर आहे. अमका म्हणजे तुम्ही. तुमचं नाव समोर ठेवायचं आणि मग फूल वाहायचं, अशी माझी पद्धत. यंदा झेंडूचा हार जरा लांब झाला. तो स्क्रीनवरून घसरला, त्याच्या शेपटाने नारळाच्या पाण्याची वाटी ओढली आणि सगळं पाणी कीबोर्डात गेलं. मी 'अगं बाई' म्हणेपर्यंत तुमचं नाव लुकलुकलं आणि गेलं. राहिला काळा स्क्रीन आणि त्याच्यावर हार. भिंतीवरच्या तुमच्या फोटोसारखा दिसत होता. 

मग जे जे करू नये ते सगळं केलं. आधी पदराने पुसला. मग उलटा धरून हलवला. मग गॅलरीतून शेजारच्या काकू आल्या, त्या म्हणाल्या, 'तांदळात घाल गो, मोबाईल पडलो की आमचो झील तांदळातच घालता.' म्हणून कोठीतले सगळे तांदूळ परातीत ओतून त्यात लॅपटॉप पुरला. दोन दिवस आमच्याकडे पोळ्याच होत्या. दसऱ्याला सोनं वाटून आले, तांदळातून त्याला काढला, बटण दाबलं. काही नाही. दिवासुद्धा लागला नाही. कीबोर्डाच्या फटीत मात्र तांदळाचे दाणे अडकले होते. तेवढीच अक्षता कमी होती!

तुम्हाला आठवतं का, तुम्ही मला गिरणीत न्यायचात दसऱ्याला? त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. एरवी गेटवरचा भैया आम्हाला हाकलायचा, आणि त्या दिवशी तोच टोपी सरळ करून 'आईए, आईए' म्हणतो. साचाखातं बंद असतं. इतके माग ओळीने उभे आणि सगळे गप्प, हे मला लहानपणी फार मोठं नवल वाटायचं. तुमच्या मागाला आंब्याचं टाळं, झेंडू, मधोमध नारळ. तुम्ही पांढरा शर्ट घातलेला, केस चापून बसवलेले, आणि माझा हात धरून तुम्ही मला धोटा दाखवता. आडवं सूत घेऊन जाणारा तो लाकडी धोटा माझ्या हातात देता. मी तो घेऊन मागाच्या पलीकडे जायला निघते तर खाली सुताचा एक पुंजका पडलेला, त्याच्यावर माझा पाय. तुम्ही खणकन ओरडलात, 'सुताक पाय लावू नको!' सगळ्यांसमोर. मी रडले. आई म्हणाली, सणासुदीला पोरीला कशाला रडवता? तुम्ही खाली वाकून ते सूत उचललंत आणि कपाळाला लावलंत. मग खिशातून बर्फी काढून मला दिलीत. शर्टाच्या खिशात बर्फी ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या खात्यातून रोज किती कापड निघायचं, आणि प्रत्येक ताग्याच्या टोकाला शिक्का कोणाचा, तर मिलचा. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आलं ते पुष्कळ पुढे, गिरणी बंद झाल्यावर, तुमचे हिशेबाचे पैसे मिळाल्यावर, आणि तुम्ही ते पैसे गावच्या घराच्या कौलांना न घालता माझ्या मशीनला घातलेत त्यानंतर. सगळा लालबाग तुम्हाला वेड्यात काढत होता. पोरीचं लग्न करायचं सोडून तिला मशीन घेऊन देतो! मी शाळेच्या गणवेशांचे बिल्ले हाताने भरायचे, ते तुम्ही बघत होतात. म्हणालात, हात दुखतील, डोळे जातील, कॉम्प्युटरवरचं घे. मशीन आलं, त्याच्याबरोबर लॅपटॉप आला आणि सॉफ्टवेअर. कागदावरचं चित्र टाक्याटाक्यात बसवायचं, कुठला धागा आधी, कुठला नंतर, सुई कुठे वळेल ते ठरवायचं. आमच्यात त्याला पंचिंग म्हणतात, आणि ते या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. दादरचा माणूस ते बसवायला घरी आला. चहा पिता पिता त्याने विचारलं, 'लायसन्स कोणाच्या नावावर टाकू?' मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही शर्ट खाली ओढलात, ताठ बसलात आणि स्वतःचं नाव सांगितलंत. पूर्ण. मग वडिलांचं, मग आडनाव. वर म्हणालात, 'वडिलांचं आद्याक्षर नको, सगळं नाव लिहा.'

मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही. म्हणजे काय! मशीनवर बसणार मी, क्लास मी केला, डोळे माझे जाणार आणि नाव तुमचं? संध्याकाळी आईपाशी धुसफुसत होते, तर तुम्ही गॅलरीतून आत आलात आणि म्हणालात, 'काम तुझां, नाव माझां. काय बिघडला?' मी म्हटलं, काही नाही बिघडला, राहू दे. तोंड वाकडं करून म्हटलं. तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप चालू केला तर तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. सॉफ्टवेअर उघडताना तुमचं नाव येतं, तीन-चार सेकंद राहतं आणि जातं. ते गेलं आणि तुम्ही चहा मागितलात. तिसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. पेपर अर्धा टाकून यायचात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचात, नाव येऊन जायचं, आणि 'चला' म्हणून तुम्ही बाजूला व्हायचात. आपण दोघंही त्याबद्दल कधी अवाक्षर बोललो नाही. माझा राग मात्र कधी गेला ते मला कळलं नाही. एकदा मी घाईत तुम्ही यायच्या आधीच चालू केलं, तर तुम्ही लहान पोरासारखे फुरंगटलात आणि मला ते बंद करून परत चालू करावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या लॅपटॉपवर काम करतेस कशाला? धाकटाही तेच म्हणाला. ठाण्याहून फोनवर. 'ताई, नवीन सॉफ्टवेअर घे ना, आता वर्षाच्या हप्त्यावर मिळतं. तुझ्या नावावर घे. कबड्डी संघाची ऑर्डर आहे ना तुझ्याकडे? भावनेच्या भरात धंदा बुडवू नको.' त्याचं चूक नव्हतं. ऑर्डर होतीच, दिवाळीनंतर स्पर्धा आहेत, साऱ्या संघाच्या जर्सीवर वाघ काढायचाय. पण बाबा, मला वाघाची काळजी नव्हती, खोटं कशाला बोलू. वाघ मी कुठूनही पंच करून आणला असता. मला तुमचं नाव हवं होतं. फोटो भिंतीवर आहे, त्याला मी रोज पुसते, पण फोटो काही करत नाही. नाव रोज सकाळी येतं. कामाला येतं. ते आलं की माझा दिवस सुरू होतो, आणि ते गेलं तर तुम्ही परत एकदा गेलात, या खेपेला माझ्या हातून. धाकट्याला हे काही मी सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, 'तू तुझी बँक सांभाळ, मी माझं बघते' आणि फोन आपटला.

पहिल्यांदा गेले ते आपल्या नाक्यावरच्या पोराकडे नाही हं, चांगला बोर्डबिर्ड लावलेल्या दुकानात गेले, लोअर परळला. एसीतला माणूस. त्याने लॅपटॉप उघडलाही नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाला, 'मॅडम, ये तो गया. हार्डडिस्क काढून देतो, दुसऱ्याला लावा.' आणि सॉफ्टवेअर? 'वो मैं डाल देगा ना. क्रॅक आहे माझ्याकडे. लायसन्सची झंझटच नाही.' मी म्हटलं, त्यात नाव येईल का? म्हणाला, 'येईल की. कोणाचंही टाकतो. काय टाकू, सांगा.' आणि पेन घेऊन बसला. खरं सांगू, एक क्षण जीभ वळली होती. तेच नाव, तीच अक्षरं, तीच खिडकी. कोणाला कळणार होतं? पण मग तुम्ही आठवलात, शर्ट खाली ओढून ताठ बसलेले. गिरणीतल्या अख्ख्या आयुष्याच्या पैशांनी घेतलेलं ते, आणि हा मला ते दाताखालची बडीशेप चघळत फुकट देतोय. मी म्हटलं, 'माझ्या बापाचं नाव चोरीच्या मालावर नको.' त्याला वाटलं मी त्याला चोर म्हणाले. म्हणालेच होते. दोघांचाही आवाज चढला, आणि मी लॅपटॉप ओढणीत गुंडाळून बाहेर पडले.

मग कोणीतरी परळच्या एका माणसाचं सांगितलं. जिन्याखालचा गाळा, बोर्ड नाही, माणूस माझ्याच वयाचा, नायगावचा. डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग. त्याने शांतपणे सगळे स्क्रू काढले, पाठ उघडली आणि आत बघून दोन्ही हात कमरेवर ठेवले. 'ताई, हे लाल काय आहे?'

'कुंकू.'

'आणि हे पिवळं?'

'हळद असेल.'

'म्हणजे सवाष्ण समजून ओटी भरलीत काय याची?' मला हसावं की रडावं कळेना. तो म्हणाला, 'चहाचे बोर्ड धुतो, कॉफीचे धुतो, एकदा माशाच्या कालवणाचा पण धुतला. नारळपाणी पहिल्यांदाच. पूजा आम्ही पण करतो हो, पण यंत्राला पाणी दाखवत नाही.' मी म्हटलं, मला शिकवू नका, आधी सांगा होईल का. त्याने मला समजेल असं सांगितलं, म्हणून तुम्हालाही सांगते. डिझाईनं सगळी वाचलीत, डिस्क कोरडी आहे. दुसऱ्या लॅपटॉपला लावली की ती दिसतील. पण लायसन्स या लॅपटॉपच्या मुख्य बोर्डाला बांधलेलं आहे. दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडेल, बोर्ड ओळखीचा नाही असं म्हणेल आणि बंद होईल. ते सोडवून न्यायचं तर याच लॅपटॉपवरून कंपनीला परत द्यावं लागतं, मग कंपनी दुसऱ्यावर देते. 'म्हणजे हा एकदा तरी जागा झाला पाहिजे,' तो म्हणाला. 'कायमचा जगवत नाही. भेटायला येईल, मुक्कामाला नाही. चालेल?' मी म्हटलं, चालेल. आणि बाबा, मला हॉस्पिटलातला तो डॉक्टर आठवला, जो तुमच्याबद्दल जवळजवळ हेच बोलला होता. त्या वेळी तुम्ही नुसते भेटायलाही शुद्धीवर आला नाहीत.

आठवडाभर मी रोज त्या गाळ्यावर जात होते. तो वैतागला असेल. बोर्ड कसल्याशा स्पिरिटने धुतला, ब्रशने घासला, वाळवला, परत धुतला. नारळाचं पाणी वाळलं की चिकट होतं आणि तांबं खातं, हे मला नवीनच. एक बारीकसा भाग जळाला होता, तो त्याने दुसऱ्या मेलेल्या लॅपटॉपमधून काढून बसवला. मी म्हटलं, अवयवदान झालं हे. तो म्हणाला, ताई तुम्ही गप्प बसाल तर माझा हात कापणार नाही. मी गप्प बसले. तुमची लेक गप्प बसली, यावरून काय ते ओळखा. मग एका दुपारी त्याने वायर लावली, बाहेरचा कीबोर्ड जोडला, आणि पंखा घरघरला. जुना माणूस उठून बसताना करतो तसला आवाज. स्क्रीन उजळला, मधे एक रेघ, पण उजळला. मी सॉफ्टवेअरवर दोनदा टिचकी मारली. तुमचं नाव आलं. तुमच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सगळं. मी तिथेच, त्या जिन्याखाली, रडायला लागले. त्याने भिंग काढलं, बाहेर गेला, आणि दोन कटिंग चहा सांगून आला.

लायसन्स परत द्यायला कंपनीकडून एक कोड लागतो. जुन्या मालाची ती सोय आता आपोआप होत नाही, म्हणून फोन लावला. गाण्याची धून ऐकून ऐकून कान किटले तेव्हा एक मुलगी बोलली, आवाजावरून विशीतली, पुण्याकडची असावी, फार गोड. तिने नंबर घेतला आणि तुमचं नाव वाचलं. पूर्ण, अडखळत, वडिलांच्या नावासकट. किती वर्षांनी ते कोणी मोठ्याने म्हटलं! मग विचारलं, 'सर स्वतः बोलू शकतील का? म्हणजे लायसन्स त्यांच्या नावावर आहे ना. आणि ते नसतील, सॉरी हं, म्हणजे हयात नसतील, तरी काही अडचण नाही. मृत्यूचा दाखला पाठवा, मी तुमच्या नावावर करून देते. नवीन मशीनवर मग तुमचं नाव येईल.'

दाखला कपाटात आहे. त्याच्या झेरॉक्स इतक्या काढल्या होत्या तेव्हा, अजून गठ्ठा आहे. सगळं कायदेशीर, सरळ, एका दिवसाचं काम. वर माझं नाव, ज्याच्यासाठी मी एके काळी तोंड फुगवून बसले होते. समोर स्क्रीनवर ती रेघ थरथरत होती आणि परळचा माणूस खुणा करत होता, लवकर, लवकर.

मी म्हटलं, 'आहेत. घरीच असतात.'

'मग फोन देता का त्यांना?'

'देऊन उपयोग नाही हो. ऐकू येत नाही त्यांना. साचाखात्यात आयुष्य गेलं, कान गेले.' यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आम्ही सगळी जन्मभर तुमच्याशी ओरडूनच बोललो, चाळीतल्या लोकांना वाटायचं यांच्यात रोज भांडणं. मशीन चालू आहे की बंद, हे तुम्ही टेबलावर तळवा ठेवून ओळखायचात. त्या मुलीने नंबर पुन्हा एकदा वाचला. मला वाटलं पकडली. मग म्हणाली, 'माझ्या आजोबांचं पण असंच होतं, सोलापूरला. बरं, घ्या लिहून.' तिने कोड सांगितला, मी टाकला, लायसन्स सुटलं, आणि तिथल्या तिथे परळच्या माणसाने आणलेल्या, त्याच जमान्यातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर बसलं. आपल्या लॅपटॉपचा पंखा थोडा वेळ आणखी फिरला आणि बंद पडला. पुन्हा लागला नाही. मी तो जुना लॅपटॉप घरी आणलाय, माळ्यावर ठेवलाय, भंगारात देणार नाही. वाघ चाललाय मशीनवर, जर्सी दिवाळीआधी होतील. सकाळी नाव येतं.

हे पत्र मी पेटीत टाकायचं म्हणून लिहिलेलं नाही, तेवढी वेडी नाही झाले. पण धाकट्याला सांगता येत नाही आणि तुमच्यापासून लपवून ठेवलं तर मला घास उतरणार नाही. त्या मुलीशी मी खोटं बोलले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटत नाही याचंच थोडं वाटतं. फोन ठेवताना ती म्हणाली, 'काकांना माझा नमस्कार सांगा हं.' मी म्हटलं, सांगते. तिला काय ठाऊक! घरी आले, नवा लॅपटॉप टेबलावर ठेवला, सॉफ्टवेअर चालू केलं, आणि नाव येताच मागे वळून म्हणाले, 'बाबा, त्या पोरीने नमस्कार सांगितलाय.' नुसतं म्हणाले नाही, ओरडले. तुमच्याशी बोलायचे तेवढ्या आवाजात. गॅलरीतून काकूंनी विचारलं, 'कोणाशी बोलतंस गो?'

मी म्हटलं, 'कोणाशी नाही.' त्या दिवसातलं ते दुसरं खोटं, आणि बाबा, ते मात्र मला बोलायचं नव्हतं.